जुलैचा रकाना

रविवार, १२ एप्रिल

आधी एक दुरुस्ती. शुक्रवारी मी इथे लिहिलं की दादाने पाठवलेल्या पार्सलमधले बाबांचे दोन्ही शर्ट "सर्व बटणं लावलेल्या स्थितीत" मिळाले. ते चूक आहे. दोन्ही शर्टांचं तिसरं बटण उघडं होतं. प्रवासात निघालं असेल म्हणून मीच ते लावलं आणि मग लिहायला बसले. यामुळे कुणाचं काही बिघडत नाही, पण चुकीचं लिहिलं ते चुकीचंच.

दुसरी दुरुस्ती. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने आईच्या डोळ्यांत पाणी आलं, असंही मी लिहिलं आहे. आज पार्सलचा कागद पुन्हा हुंगून पाहिला. डांबराच्या गोळ्यांचा वास नाही. नव्या कापडाचा आहे आणि थोडा वाफेचा. आईच्या डोळ्यांत पाणी मात्र खरंच आलं होतं. पाठीवर दुमडलेल्या बाह्यांवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "घडी मोडू नको गं." मी मोडली नाही. फक्त बटण लावलं.

या दोन चुकांच्या नादात मुख्य बातमी लिहायची राहिली. बाबा दादाकडे जायला तयार झाले!

सहा वर्षांपूर्वी दादा बाबांच्या इस्त्रीच्या दुकानात सगळ्यांसमोर ओरडला होता, "पुन्हा आयुष्यात इस्त्रीला हात लावणार नाही!" बाबा म्हणाले होते, "मग मला तोंडही दाखवू नकोस!" दोघांनी शब्द पाळला. दादा त्या वाळवंटाच्या देशात गेला. तिथे एका मोठ्या ऑफिसात देखरेखीचं काम करतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो आणि फोन वाजला की बाबा मोरीत पाय धुवायला जातात. बोलणं संपेपर्यंत नळ चालू असतो. इतके स्वच्छ पाय आमच्या गल्लीत कुणाचे नसतील.

त्याच बाबांनी शुक्रवारी शर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बटणांवरून अंगठा फिरवला आणि पुटपुटले, "सगळं आहे, तेवढं नाही." (कापडाच्या जाडीबद्दल असावं.) मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकदा बघून यायला पाहिजे. पण हवा बरी असेल तेव्हा. ही शिकलेली आहे ना, हिला ठरवू दे."

नंतर आईने मला ओट्याशी गाठलं. "सहा वर्षांत पहिल्यांदा हो म्हणालाय हा माणूस. लवकर ठरव. त्यांचं हो फार दिवस टिकत नाही."

घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापासून शेजारच्या मावशींचा फ्रिज का गुरगुरतो इथपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. आता एका अख्ख्या देशाचं हवामान आलं आहे. चुकलं तर बाबा पुन्हा हो म्हणणार नाहीत.

मंगळवार, १४ एप्रिल

मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता आखला. बारा महिन्यांचे बारा रकाने. योग्य महिन्याला हिरवी खूण, अयोग्य महिन्याला लाल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. बाबांनी दुरून पाहिला आणि विचारलं, "हे काय, तुझी परीक्षा आहे?" मी म्हटलं, "तसंच समजा."

मी प्रवासाच्या ऑफिसात काम करते, तेव्हा हे मला सहज जमायला हवं, असं सगळ्यांना वाटतं. पण मी फक्त तिकिटं काढते. स्वतः आजवर बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे गेलेली नाही. आमच्या मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, विचारलं की वाळवंटाच्या देशात जायला उत्तम काळ कोणता. त्या कॉम्प्युटरवरून मान न हलवता म्हणाल्या, "जेव्हा विमानात जागा असते तो."

"आणि हवा?"

"हवा विमानात कंपनी देते."

मग त्यांना काहीतरी सुचलं. "बरं झालं विचारलंस. त्या देशाचं पत्रक काढायचंय. 'जायला उत्तम काळ' असा एक परिच्छेद लिही. छान लिही. आणि तुझ्या त्या शंका घालू नकोस त्यात." ऑफिसात सगळे मला शंकाताई म्हणतात. मी अजून नोकरीत पक्की झालेली नाही, म्हणून हसते.

शुक्रवार, १७ एप्रिल

दादाचा फोन. बाबा मोरीत गेले, नळ सुरू झाला.

"दादा, आम्ही तुझ्याकडे यायचं म्हणतोय. कधी यावं?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आई, मी आणि बाबा."

पलीकडे काहीतरी धाडकन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बाबा? बाबा स्वतः?"

"हो रे. फक्त हवा बरी असेल तेव्हा. मे चालेल?"

"छे! मे म्हणजे भट्टी."

"जून?"

"जून म्हणजे मेचा बाप."

"जुलै?"

"जुलैत रस्त्याला चप्पल चिकटते, मास्तरीण." दादा मला लहानपणापासून मास्तरीण म्हणतो.

"ऑगस्ट?"

"ऑगस्टमध्ये चप्पल सुटते आणि कातडी चिकटते."

सप्टेंबरही याच हिशेबात गेला. पाच रकाने लाल केले. ही माहिती जागेवरच्या माणसाकडून मिळालेली असल्यामुळे भरवशाची आहे.

आज त्याने व्हिडिओवर चेहरा दाखवला. शुक्रवार त्यांच्याकडे सुट्टीचा, तरी बिचारा ऑफिसातच होता. पाठीमागे खूप वाफ दिसत होती. एप्रिलमध्येही तिथे किती दमट असतं याची कल्पना आली. त्याच्या मागे दांडीवर ओळीने कोट लटकत होते आणि प्रत्येक कोटाला नंबराची चिठ्ठी टाचलेली. ऑफिस किती मोठं आणि किती शिस्तीचं! आमच्या ऑफिसात मॅडमची छत्रीसुद्धा अदलाबदल होते.

शुक्रवार, २४ एप्रिल

उरलेले महिने विचारले.

ऑक्टोबर: "दमट. धुतलेला कपडा वाळत नाही." नोव्हेंबर, डिसेंबर: "लग्नं, परिषदा, मेजवान्या. जो तो कोट घालून हिंडतो. मला मान वर करायला फुरसत नसते."

मी विचारलं, "पण तुझं काम तर देखरेखीचं ना?"

"हो ना. कोट घातलेल्या माणसांवर देखरेख."

जानेवारीत धुकं, कपडा वाळत नाही. फेब्रुवारीत वारं, कपडा उडतो. मार्चमध्ये धूळ, वाळलेला कपडा पुन्हा धुवावा लागतो. एप्रिल मार्चसारखाच, वर माश्या. दादा हवामान नेहमी कपड्यांवरून सांगतो. उघड्या प्रदेशात राहून माणसाला अशी सवय लागत असेल.

बोलता बोलता आई एकदम पुढे सरकली. "मनगटाला काय झालं रे तुझ्या? भाजलंय ते."

"काही नाही गं आई. गाडीच्या बॉनेटला हात लागला. ऊन असतं ना."

मोरीतून बाबांचा आवाज आला, "डावं मनगट का?"

डावंच होतं. बाबांचा अंदाज योगायोगाने बरोबर आला. त्यांच्याही डाव्या मनगटावर तसाच एक जुना डाग आहे, पण त्यांच्याकडे गाडी नाही. उन्हाच्या नोंदीत लिहिलं: "एप्रिलमध्ये बॉनेट भाजते."

सोमवार, २७ एप्रिल

तक्ता पूर्ण झाला. बाराच्या बारा रकाने लाल.

मी तो बराच वेळ बघत बसले. म्हणजे या देशात जाण्याजोगा काळच नाही. तरी तिथे माणसं राहतात, विमानं भरून जातात. मग चूक कुठे आहे? माझीच असणार. पण नोंदी दोनदा तपासल्या, सगळ्या बरोबर आहेत.

पत्रकाचा परिच्छेद प्रामाणिकपणे लिहून दिला. "मे ते सप्टेंबर या काळात चप्पल अथवा कातडी रस्त्यास चिकटण्याचा संभव असतो. ऑक्टोबरपासून कपडे वाळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये धूळ व माश्या यांची तयारी ठेवावी."

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. "अगं, हे पत्रक आहे की धमकी?"

"मॅडम, माझा सख्खा भाऊ तिथे आहे. त्याने सांगितलंय."

"तुझ्या सख्ख्या भावाला पाहुणे नको असतील!" असं म्हणून त्यांनी सगळं खोडलं आणि वर लिहिलं, "बारा महिने आल्हाददायक." मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही, दादासाठी. तो असा नाही.

शुक्रवार, १ मे

आज एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. सकाळी बाबांनी कपाटातून दादाने पाठवलेला एक शर्ट काढला, खिडकीशी नेला आणि मला बोलावलं. "हे बघ. बाहीवर दोन रेघा पडल्यात. एक असायला पाहिजे. त्याला सांग, तुझा लॉन्ड्रीवाला कच्चा आहे."

निरोप पोचवणं माझं काम. संध्याकाळी फोनवर म्हटलं, "दादा, बाबा म्हणतात तुझा लॉन्ड्रीवाला कच्चा आहे. बाहीवर दोन रेघा आहेत."

दादा असा उसळला की मी फोन कानापासून लांब धरला. "कच्चा? त्यांना म्हणावं, इथे वाफेची इस्त्री असते! कापड ओलं करायला मिळत नाही, वरून दाब येतो तो एकदमच येतो! दिवसाला शंभर शर्ट काढून बघा म्हणावं, मग बोला!" मग एकदम आवाज खाली. "म्हणजे... आमच्या ऑफिसखालचा लॉन्ड्रीवाला सांगत असतो असं. चांगला माणूस आहे."

दादाचा हाच गुण मला आवडतो. परक्या माणसाच्या बाजूनेही किती पोटतिडकीने बोलतो.

नळ बंद करून बाबा बाहेर आले. "काय म्हणाला?" मी शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "वाफ असली म्हणून काय झालं? बाही आधी शिवणीवर धरायची. सांग त्या लॉन्ड्रीवाल्याला."

शुक्रवार, ८ मे

बाबांचा निरोप दिला. दादा म्हणाला, "शिवणीवर धरली तर कफ वाकडा येतो. म्हणजे, त्या लॉन्ड्रीवाल्याचा येतो."

बाबा मोरीतून: "कफ शेवटी! आधी कॉलर, मग खांदा, मग बाही, कफ शेवटी!"

मी फोनवर: "दादा, कफ शेवटी."

दादा: "ऐकलं मी." जरा थांबून: "विचार त्यांना, रेशमी असेल तर?"

बाबा: "उलट्या बाजूने. आणि वर फडकं ठेवून. एवढं माहीत नाही त्याला?"

दादा: "माहीत आहे त्याला. खात्री करून घेत होता."

पाऊण तास हेच चाललं. हवामानाचा विषय काढायला मी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा दोघांनी मला गप्प केलं. आई कोपऱ्यात बसून साडीचा पदर तोंडावर धरून होती. हसत होती की रडत होती ते कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "धूर गेला डोळ्यांत." गॅसवर काही नव्हतं. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा दुरुस्ती करावी लागणार नाही.

शुक्रवार, १५ मे

अजून लॉन्ड्रीवालाच. आज विषय कोटाचे खांदे.

मला आता त्या माणसाचा रागच येऊ लागला आहे. आमच्या घरात सहा वर्षांनी एक गोष्ट घडू पाहते आहे, आणि बाप-लेक मिळून एका अनोळखी माणसाला इस्त्री शिकवत बसलेत. तक्त्यातले सगळे रकाने तसेच लाल.

शुक्रवार, २९ मे

जे होऊ नये ते झालं. दोन शुक्रवार दादाचा फोनच आला नाही. "काम आहे" एवढाच निरोप. आज बाबा तक्त्यासमोर उभे राहिले. त्यांना अक्षरं फारशी लागत नाहीत, पण लाल रंग लागतो.

"बाराही महिने?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"कोण म्हणालं?"

"दादा."

ते मान हलवत म्हणाले, "म्हणजे येऊ नका म्हणतोय."

"तसं नाही बाबा, ते हवामानच..."

"राहू दे, पोरी. पुढच्या वर्षी बघू." आणि आईने खाली काढून ठेवलेली जुनी बॅग त्यांनी स्टुलावर चढून पुन्हा कपाटावर टाकली. धुळीचा एवढा लोट उडाला की आम्ही तिघंही शिंकलो. त्यावर नेहमी कुणीतरी हसलं असतं.

आई भांडी घासत होती, तशीच घासत राहिली. मग मला म्हणाली, "तक्ता कशाला केलास गं?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्यांना बारा वेळा खरं तेच लिहून दाखवलं, आणि त्या खऱ्याने त्यांचं हो पुसलं. एखादा रकाना हिरवा करून टाकावा असं आज पहिल्यांदा मनात आलं. हिरवं पेन हातात घेतलंही. पण मग खोटं लिहिलेलं ते खोटंच.

शुक्रवार, ५ जून

दादाचा फोन आला! बाबा उठून मोरीत गेले, पण दार उघडंच राहिलं.

आईने मुलाला खाणंपिणं, झोप वगैरे विचारून घेतलं. मग बोलायला काही उरलं नाही. दादाच्या मागे वाफ. आमच्याकडे नळ. एवढ्यात नळ थांबला आणि बाबा ओरडले, "त्या लॉन्ड्रीवाल्याला विचार, त्याला सवड कधी असते!"

मला वाटलं, आता याच्याही पलीकडे काय उरलं? पण निरोप तो निरोप. "दादा, बाबा विचारतात, त्या लॉन्ड्रीवाल्याला सवड कधी असते?"

दादाने फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा, कारण पडद्यावर फक्त छत दिसत होतं. मग छतातून आवाज आला, "जुलैत."

"जुलैत?"

"जुलैत सगळे साहेबलोक थंड देशांत जातात. कोट कुणी घालत नाही. दिवसातून दहा-वीस कपडे येतात फक्त. लॉन्ड्रीवाला नुसता बसून असतो." मग अगदी हळू: "एकटाच."

मी बाबांना सांगितलं. ओल्या पायांनीच ते बाहेर आले, कपाटाकडे गेले, स्टूल ओढलं आणि बॅग खाली काढली.

"मग जुलै," ते म्हणाले.

शनिवार, ६ जून

दिवसभर भांडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी.

"बाबा, जुलैचा रकाना सगळ्यात लाल आहे! चप्पल चिकटते!"

"अनवाणी चालू."

"मग पाय चिकटतील!"

"हे बघ, पोरी. उभा जन्म मी निखाऱ्यांच्या तोंडाशी काढला. मे महिन्यात पत्र्याखाली, पेटलेली इस्त्री हातात. आणि मला तू उन्हाची भीती घालतेस?"

"पण एका लॉन्ड्रीवाल्याच्या सवडीवरून कुणी देश बघायला जातं का?"

बाबा आईकडे बघून म्हणाले, "खूप शिकली ही." आई म्हणाली, "तुम्हीच शिकवलीत. भोगा आता." आणि दोघं हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मात्र विचार करता एक गोष्ट पटली. बाबांना आपलं काम कुणाला तरी शिकवायचं आहे. दादाने पाठ फिरवली, माझ्या हातात त्यांनी कधी इस्त्री दिली नाही ("तू पुस्तक धर"). तेव्हा परदेशातला का असेना, एखादा शिष्य मिळतोय. त्या निमित्ताने दादाची भेट होत असेल तर तो लॉन्ड्रीवाला आमच्यावर उपकारच करतो आहे. मी त्याच्याबद्दल वाईट लिहिलं ते मागे घेते.

सोमवार, ८ जून

तिघांची जुलैची तिकिटं मागितली तर मॅडम खुर्चीवरून उठल्या. "जुलैत? तिकडे? अगं, तिकडचे लोक जुलैत इकडे येतात!"

"आमच्या ओळखीच्या एका लॉन्ड्रीवाल्याला तेव्हाच सवड आहे."

मॅडम परत खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "शंकाताई, सुट्टी घे. तुला गरज आहे." विमान जवळजवळ रिकामं होतं. मंगळवार, १४ जुलैची दुपारची तिकिटं मिळाली.

शुक्रवार, १९ जून

दादाला तारीख सांगितल्यापासून त्याने दोनदा मध्येच, शुक्रवार नसताना, फोन केला. बाबांना उशी उंच लागते की सपाट? त्यांचा चहा अजून तेवढाच गोड? आज म्हणाला, "मास्तरीण, तुला एक सांगायचंय. आई-बाबांना सांगू नकोस." मी वही ओढली. तेवढ्यात मागे जोरात फुस्स झालं, वाफेचा ढग आला, कुणीतरी हाक मारली आणि दादा "आलो, आलो, पॅन्ट तयार आहे!" म्हणत पळाला. ऑफिसात पॅन्ट कशाला तयार लागते ते विचारायचं राहिलं.

रविवार, ५ जुलै

आता मला माहीत आहे. नीट क्रमाने लिहिते.

आई मावशींकडे गेली होती म्हणून बाबांचा डबा घेऊन मी दुकानात गेले. मी तिथे फार कधी जात नाही. बाबा येऊ देत नसत, आणि घरच्या कपड्यांना इस्त्री कधी मिळाली नाही, त्यामुळे त्यांचं काम मी जवळून पाहिलेलंच नव्हतं. बाबा एका शर्टाची घडी घालत होते. बाह्या पाठीमागे, एखादा माणूस पाठीवर हात बांधून उभा राहतो तशा. मग त्यांनी लावलेलं तिसरं बटण उघडलं आणि शर्ट गठ्ठ्यावर ठेवला. पुढच्याचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही.

"बाबा, हे बटण का उघडता?"

"घडीत छातीवर ताण येतो. एक उघडं ठेवलं की सदरा श्वास घेतो."

"सगळे लॉन्ड्रीवाले असंच करतात का?"

"सगळ्यांचं मला काय माहीत," ते म्हणाले आणि इस्त्री फुंकायला वळले.

मी तिथून निघाले ती बाजारातल्या लॉन्ड्रीत गेले. गठ्ठ्यातले शर्ट बघू का म्हटलं. तो माणूस संशयाने बघत होता, तरी बघू दिलं. सगळी बटणं लावलेली. दुसऱ्या लॉन्ड्रीत गेले. लावलेली. स्टेशनजवळच्या तिसरीत बाईंनी विचारलं, "नवऱ्याचा शर्ट हरवलाय का?" मी हो-नाही काही न बोलता बघून घेतलं. लावलेली.

असं करणारा माणूस एकच आहे. आणि त्याच्याकडून शिकलेला एकच.

कोट. चिठ्ठ्या. वाफ. मनगट. पॅन्ट. हे सगळं माझ्याच अक्षरात इथे लिहिलेलं आहे. मी फुटपाथवर एका बाकावर बसले आणि चांगली दहा मिनिटं हसले. मग थोडी रडले, आणि आत्ता लिहितानाही रडतेय.

ज्याने इस्त्रीला हात लावणार नाही म्हणून घर सोडलं, तो सहा वर्षं इस्त्रीच करतोय, आणि तीही अगदी बाबांसारखी. हे तोंडाने सांगायची लाज वाटली म्हणून त्याने देशाचे बाराही महिने बिघडवले. गाढव! माझा दादा गाढव आहे!

पण आता माझी जबाबदारी मोठी आहे. घरात हे फक्त मला माहीत आहे. बाबांना कळलं तर काय होईल? "माझ्यापासून पळून तेच करतोस?" म्हणतील आणि बॅग पुन्हा कपाटावर. त्या दिवशी मी बटण लावलं म्हणूनच त्यांना काही कळलं नाही. नशीबच म्हणायचं.

शुक्रवार, १० जुलै

तयारी चालू. बाबांना दुकानातली कोळशाची इस्त्री बरोबर न्यायची होती. विमानात चालणार नाही म्हटल्यावर खट्टू झाले. शेवटी झाकणाला भोकं पाडलेला त्यांचा पितळी डबा घेतलाय, कपड्यांवर पाणी शिंपडायचा. आईने तो चिंचेने घासून लखलखीत केला. मी विचारलं, "हा कशाला?" बाबा म्हणाले, "त्या लॉन्ड्रीवाल्याला द्यायला." आई म्हणाली, "आवडेल त्याला." त्यांच्या भोळेपणाकडे बघवत नाही.

फोन आला तेव्हा बाबा नेहमीसारखे मोरीत गेले. पण आज नळ उघडल्याचा आवाज आला नाही. बहुधा पाणी गेलं असावं. दादाने मला परत म्हटलं, "मास्तरीण, ते सांगायचं राहिलंच..." मी घाईने म्हटलं, "दादा, सांगू नकोस. मला कळलंय. आणि इथे कुणालाही कळणार नाही." पडद्यावर त्याचा चेहरा असा झाला, जसा तो लहानपणी माझ्याकडून गणित सोडवून घेतल्यावर व्हायचा.

शनिवार, ११ जुलै

एक गोष्ट मनातून जात नाही. दादाने शर्ट पाठवले ते तिसरं बटण उघडं ठेवून. ते त्याने मला पाठवले नव्हते, बाबांना पाठवले होते. वाटेत मी ते लावलं. निरोप बदलून पोचवला. लॉन्ड्रीवाल्याचे एवढे निरोप मी शब्दशः दिले, आणि पहिलाच निरोप मला खोडून द्यायचा काय अधिकार होता?

आधी वाटलं, राहू दे. कळलं तर सगळं मोडेल. पण वस्तू जशी आली तशी ती त्या माणसाच्या हातात पडली पाहिजे. त्यापुढचं त्या दोघांचं.

बाबांनी ते शर्ट अजून अंगाला लावलेले नाहीत. "जायच्या दिवशी घालीन" म्हणतात. रोज संध्याकाळी मात्र कपाट उघडून वरच्या शर्टाच्या बटणावर अंगठा ठेवून उभे राहतात. तेव्हा आज किंवा उद्या उघडून चालणार नाही. लगेच विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही. अगदी शेवटच्या घटकेला करायला हवं. मग बाबांना कळलं आणि ते रागावले, तरी टॅक्सी दाराशी असेल, बॅगा आत असतील आणि आई त्यांना मागे फिरू देणार नाही.

तेव्हा ठरलं. बाबा आंघोळीला गेले की मी कपाट उघडीन, घडी न मोडता तिसरं बटण उघडून ठेवीन, आणि शर्ट पलंगावर ठेवून बाहेर जाऊन उभी राहीन. मंगळवार, १४ जुलै, सकाळी.